टेप चालू, आवाज बंद

आयटीआय करून किंवा तसंच थेट गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात जे नुकतेच लागलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फ्यूज कसा बघायचा, टेस्टर कसा धरायचा हे सांगत बसत नाही, ते पहिल्या आठवड्यात येतंच. मला बोलायचंय ते एकाच तक्रारीबद्दल. गाडीतल्या म्युझिक सिस्टिमची लाइट लागते, स्क्रीनवर गाणं पळतंय, पण आवाज नाही. (आमच्या बेळगावात या सिस्टिमला अजून ‘टेप’च म्हणतात, आत कॅसेट जायची बंद होऊन जमाना झाला तरी. मीही टेपच म्हणणार.) या तक्रारीनं माझ्या पहिल्या वर्षातले तीन पगार अर्धे केले, म्हणून तिच्यावर माझा जरा जास्तच राग आहे.

मी खानापूर तालुक्यातला. सकाळची बस धरून यायचं आणि जुन्या पी. बी. रोडवरच्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात दिवसभर गाड्यांच्या डॅशबोर्डाखाली डोकं घालून पडायचं. सहा महिन्यांत सीट कव्हर, हॉर्न, फॉग लाइट हाताखालून गेले होते आणि आपल्याला आता सगळं येतं असं वाटायला लागलं होतं. तो काळ सगळ्यात वाईट. काहीच येत नसतं तेव्हा माणूस विचारतो तरी.

एका दुपारी चंदगडकडची एमएच ०९ पासिंगची वॅगन आर आली. तक्रार साधी, मागच्या डाव्या दारातला स्पीकर वाजत नाही. बाकीचे तीन वाजत होते, हे लक्षात ठेवा. उस्ताद संकेश्वरला लग्नाला गेलेले. मी दाराचं पॅनेल उतरवलं, वायर ओढून बघितली. दार आणि खांबाच्या मधे जो रबरी पाइप असतो, त्याच्या आत स्पीकरची मायनस वायर तुटलेली. दार उघडून-मिटून तिथं वायर तुटतेच. बरोबर काम म्हणजे रबर दोन्हीकडून सोडवायचं, जुन्या क्लचच्या तारेला नवी वायर बांधून आरपार ओढायची. तासाभराचं काम, बोटं सोलून निघतात.

दोन वाजले होते, पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, मायनस म्हणजे मायनसच की. बॅटरीचा मायनस बॉडीला, दार बॉडीला, मग स्पीकरचा मायनस दाराच्या पत्र्याला दिला, म्हणजे अर्थ केला, की झालं. एका जुन्या ओम्नीत कॅसेटच्या टेपला असंच केलेलं मी बघितलं होतं आणि ते झकास वाजत होतं. वायरीला लग (स्क्रूखाली बसणारी कडी) घातला, स्क्रू आवळला, टेप चालू केला. ‘टप्’ असा बारीक आवाज आला आणि चारही स्पीकर गप्प.

आता बघा माझी अक्कल. तीन वाजत होते, मी हात लावला आणि चारही बंद झाले. तरी मला वाटलं, योगायोगानं नेमका आत्ताच टेप गेला. फ्यूज बघितला, चांगला. स्पीकरला पेन्सिल सेल टेकवून बघितला, चारही टक् टक् करतात. म्हणजे आतला आयसी, आवाज वाढवणारी चिप, गेला, असं मी गिऱ्हाइकाला छातीठोक सांगितलं. टेप खोलला. आत टीडीए ७३८८ होता, पंचवीस पायांचा. बाजारातून तसलाच दुसरा आणला आणि सोल्डरचा पंप नसताना, नुसत्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं आणि पकडीनं जुना ओढून काढला. पायांबरोबर बोर्डावरचे तांब्याचे पट्टेही निघून आले. संध्याकाळी नवा आयसी बसवून प्लग लावला तर आता लाइटही लागेना. धडधाकट टेप मी माझ्या हातानं मारला होता.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी गाडीच्या दाराकडं बघून विचारलं, “दाराला काय केलंस?”

“अर्थ दिला, उस्ताद.”

“कशाचा?”

“स्पीकरच्या मायनसचा.”

ओरडले नाहीत. कपाटातला एक जुना टेप आणून गाडीला जोडला, पण स्पीकरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, लावला नाही, मोकळा ठेवला. मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला, लाल पिन टेपच्या हिरव्या वायरला. सहा व्होल्ट आणि वर थोडं. मग लाल पिन हिरवी-काळीला लावली, जिला मी मायनस म्हणत होतो. तिथंही तेवढेच. मीटर माझ्या हातात देऊन म्हणाले, “मायनसवर सहा कुठनं आले, ते जेवून झाल्यावर सांग.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे नीट समजून घ्या, दोनदा वाचावं लागलं तर वाचा. जुन्या कॅसेटच्या टेपमध्ये स्पीकरची एक वायर आवाजाची आणि दुसरी सरळ अर्थ असायची, मधे एक मोठा कपॅसिटर. म्हणून तिथं बॉडी अर्थ चालायचा. आताच्या चार चॅनेलच्या टेपमध्ये बहुतेक ठिकाणी एका स्पीकरच्या दोन्ही वायरींमागं एकेक ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारा भाग, असतो. एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो, त्यामुळं बारा व्होल्टवरही आवाज दणदणीत मिळतो. गाणं नसताना दोन्ही वायरी बॅटरीच्या निम्म्या व्होल्टवर उभ्या असतात. इंजिन बंद असेल तर सहाच्या आसपास, चालू असेल तर सातच्या. दोन्हीकडं सारखेच, म्हणून स्पीकरला त्यातलं काही लागत नाही, तो मधे तरंगत असतो. अशा वायरीला बॉडी लावली की ते सहा व्होल्ट सरळ जमिनीला जातात, आयसीला शॉर्ट दिसतो आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. आणि बंद होताना एका दाराचा नाही, चारी दारांचा आवाज घेऊन जातो.

म्हणजे तक्रार ‘कुठंच आवाज नाही’ अशी असते आणि दोष एकाच दारात असतो. मी फसलो तो इथंच. सगळे स्पीकर एकदम बंद म्हणजे दोष टेपमध्ये, हे इतकं बरोबर वाटतं की दुसरं काही सुचतच नाही. काही टेप ‘मिसवायरिंग’ किंवा ‘प्रोटेक्ट’ असं लिहून दाखवतात, तरी लोक ते वाचत नाहीत. बाकीचे नुसते गप्प बसतात.

आणि यासाठी माझ्यासारखा शहाणा लागतोच असं नाही. मोठा स्पीकर बसवला की त्याच्या पायाचं टोक दाराच्या पत्र्याला टेकतं. पॅनेलचा लांब स्क्रू वायरीत घुसतो. दाराखालच्या पट्टीत वायर दाबली जाते. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडच्या गाड्या येतात, दारात पाणी साठून वायरीचे जोड हिरवे पडलेले असतात. गावाकडं गोठ्याशेजारी गाडी उभी असेल तर उंदीर. दार लावलं की आवाज जातो, उघडलं की येतो, असं कुणी सांगितलं तर टेपकडं बघूच नका, दाराकडं जा.

आता मी करतो ते असं. आधी मूर्खपणाच्या गोष्टी, कारण मूर्खपणा आपलाही असू शकतो. म्यूट दाबलाय का, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये आवाज वाटायचं बटण) सगळा मागं गेलाय का, सोर्स ऑक्सवर, म्हणजे बाहेरून वायर लावायच्या जागेवर, राहिलाय का. मग स्पीकरचा कपलर लावलेला असतानाच आठही वायरींवर बॉडीच्या हिशोबानं व्होल्ट बघतो. आठही सहाच्या आसपास असतील तर ॲम्प्लिफायर जिवंत आहे, मग म्यूट, सोर्स नाहीतर स्पीकरकडं वळा. आठही शून्य असतील तर टेप बंद करून स्पीकरचा कपलर काढतो, परत चालू करतो आणि टेपच्या बाजूनं मोजतो. आता सहा आले? टेप निर्दोष, गाडीत कुठंतरी वायर टेकलीय. तरीही शून्य? तेव्हा कुठं टेपवर संशय. एखाद्या जोडीत एका वायरीवर सहा आणि दुसरीवर अकरा असेल तर तो चॅनेल गेलाय. त्याला स्पीकर लावू नका, कॉइल जळेल.

टेकलेली वायर शोधायला कपलर काढलेलाच ठेवा, मीटर बीपवर घ्या, एक पिन बॉडीला आणि दुसरी गाडीच्या बाजूच्या एकेका स्पीकर वायरीला. एकही वायर बीप व्हायला नको. झाली तर ते दार. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि नवा टेप बसवायच्या आधी दरवेळी करा. मी आजही करतो, गाडी शोरूममधून थेट आलेली असली तरी. आणि स्पीकरच्या वायरीवर बल्बचा टेस्टर लावू नका. त्याचा चिमटा बॉडीला असतो, म्हणजे तुम्ही तोच शॉर्ट हातानं करताय.

गाडीत वेगळा ॲम्प्लिफायर असेल तर निळी-पांढरी वायर बघा. टेप चालू असताना तिच्यावर बारा हवेत, नाहीतर ॲम्प्लिफायर झोपलेलाच राहतो. काही टेपना तपकिरी वायर असते, फोन आला की आवाज बंद करायची. ती कुठं जोडायची कळत नाही म्हणून कुणीतरी काळ्याबरोबर पिळतं आणि टेप जन्मभर म्यूट. ती मोकळी ठेवून तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. याच्यावर मी एकदा दीड तास घालवलाय, पण त्यात कुणाचं नुकसान झालं नाही म्हणून जास्त बोलत नाही.

रंगांचं मात्र बोलतो. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ म्हणजे मायनस. हे बाजारातल्या टेपच्या वायरीचं. गाडीच्या कंपनीच्या वायरींचे रंग वेगळे असतात, आणि कंपनीचा कपलर कापून रंगाला रंग पिळणारा माणूस मला आवडत नाही. स्पष्टच सांगतो. न कापता मधे बसणारा शंभर-दोनशेचा जोडकपलर मिळतो. कापलेल्या वायरींची गाडी आली की पुढच्या मेकॅनिकचा अर्धा दिवस जातो, आणि बऱ्याचदा तो पुढचा मेकॅनिक मीच असतो.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघा, बघू नका असं म्हणत नाही. पण त्यात गाडी आधीच बरी असते. तुमच्यापुढची गाडी तिघांनी हात लावून बिघडवलेली असते.

उस्ताद निवडायचं म्हणाल तर बारा महिने चहाच आणायला लावणारे पुष्कळ मिळतील. त्यांच्याकडंही शिकता येतं, डोळे उघडे असले तर. पण मीटर तुमच्या हातात देणारा मिळाला तर पगार हजारभर कमी असला तरी राहा. माझ्या उस्तादांनी त्या टेपचे पैसे माझ्याकडनं हप्त्यानं वसूल केले, एक रुपया सोडला नाही. तेव्हा राग आला होता. आता माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत आणि मलाही पैसे सोडता येत नाहीत.

मराठी शाळेतून आलेल्या पोरांना अजून एक भीती असते. कपलरवरचं इंग्रजी, गिऱ्हाइकाचं कन्नड. मी पण घाबरायचो. बैलहोंगलकडचा माणूस येऊन “अण्णा, सौंड बरवल्दु” (आवाज येत नाही) म्हणाला की मी नुसता मान हलवायचो. सहा महिन्यांत “वायर कट आगेती” म्हणायला लागलो आणि पुढं सगळं हातानं दाखवून भागलं. केए २२, एमएच ०९, गोव्याच्या गाड्या, सगळ्यांची तक्रार तीच आणि सहा व्होल्टही तेच. कोऱ्या वहीत प्रत्येक गाडीच्या कपलरचं चित्र काढून ठेवा, इंग्रजी आपोआप येतं.

दोन गोष्टींना खरंच घाबरा. पिवळ्या आवरणातल्या एअरबॅगच्या वायरींना हात लावू नका, त्यावर मीटरसुद्धा नको. आणि ट्रकमध्ये टेप बसवायला सांगितलं तर आधी बॅटरी मोजा. बरेच ट्रक चोवीस व्होल्टचे असतात, मधे कन्व्हर्टर नसेल तर बारा व्होल्टचा टेप तिथंच धूर सोडतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाले रांगेत येतात. ट्रॅक्टर बारा व्होल्टचा असतो, पण हादऱ्यानं त्याचे जोड सैल होतात, म्हणून पिळून चिकटपट्टी मारू नका, सोल्डर करून स्लीव्ह घाला. तो माणूस रात्रभर कारखान्याच्या रांगेत उभा राहणार असतो, टेप बंद पडला तर तुम्हालाच शिव्या घालणार.

पैशाचं राहिलं. परवा एक जण आला, तीन दुकानं फिरून. दोन ठिकाणी नवा टेप घ्या म्हणाले होते. फेडर मागं गेला होता आणि मागं स्पीकरच नव्हते. अर्ध्या मिनिटाचं काम. शंभर मागितले, तो म्हणाला, नुसतं बटण तर फिरवलं. पन्नास घेतले. पोरगं म्हणालं, घ्यायला नको होते. मी त्याला मीटर दिला आणि मागच्या गाडीचं दार खोलायला पाठवलं.