कराओके नाईटचं शेवटचं गाणं कसं निवडायचं

कराओकेची यादी करताना पहिल्या गाण्यावर आपण ढीगभर चर्चा करतो, गणपतीचं घ्यायचं का, कोण सुरुवात करणार, आणि शेवटचं गाणं मात्र ज्याने ग्रुपवर सगळ्यात उशिरा नाव टाकलं त्याच्या वाट्याला जातं. मग पावणेदहा वाजलेले असतात, अर्धी मंडळी पार्किंगमधून गाडी काढायला गेलेली असतात आणि स्टेजवर एक काका डोळे मिटून सात मिनिटांची गझल गात असतात. काकांची काही चूक नाही हो, त्यांना नंबरच तो मिळाला. म्हणून आधी हे करा, यादी उघडायच्या आधी शेवटचं गाणं ठरवून टाका आणि ते कुणाच्याही नावावर लावू नका. ते गाणं हॉलचं.

आपल्याकडे मैफल भैरवी रागाने संपते हे सगळ्यांच्या अंगात मुरलेलं आहे, त्यामुळे कुणीतरी हमखास म्हणतं की शेवटी भैरवीच हवी. हवी ना, पण मग ग्रुपमधली सगळ्यात तयारीची व्यक्ती 'लागा चुनरी में दाग' घेते, १९६३ चं, मन्ना डेंचं, शेवटी तराणा, आणि लोक तोंडात बोट घालून ऐकतात. उत्तम. फक्त ते शेवटून दुसरं ठेवा. टाळ्या, वाहवा सगळं तिथे होऊन जाऊ दे, कारण ऐकायचं गाणं आणि मिळून गायचं गाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शेवटी दुसरीच लागते. आणि भैरवीचाच हट्ट असेल तर 'श्री ४२०' मधलं 'रमैया वस्तावैया' आहे की, १९५५ चं, शंकर-जयकिशनचं, तेही भैरवीतलंच, त्यात लता, रफी, मुकेश तिघांचे आवाज आहेत आणि कोरस आहे, म्हणजे तिघांना ओळी वाटून द्यायच्या आणि मुखड्याला सगळ्यांनी तुटून पडायचं. माझं मत विचाराल तर हिंदीत ह्याच्या जवळपास येणारं दुसरं सापडत नाही.

आता लोक सहसा कसं निवडतात बघा. गाण्याच्या नावात निरोप आहे ना, झालं, शेवटचं गाणं मिळालं! 'अखेरचा हा तुला दंडवत' ह्याच नादात सुचवलं जातं. गाणं अफाट आहे, लताबाईंनी गायलंय आणि आनंदघन नावाने संगीतही त्यांचंच, पण दोन तास हसतखेळत गाऊन झाल्यावर हे लावलं की हॉलमध्ये शोकसभा भरल्यासारखं होतं आणि वरची पट्टी गाठताना गाणाऱ्याचीही दमछाक होते. 'चलते चलते' (किशोरकुमार, १९७६) त्या मानाने बरं, चालून जातं, पण मुखडा सगळे गातात आणि अंतरा आला की सगळे स्क्रीनकडे बघत बसतात. 'ये दोस्ती' चं वेगळंच, दोन मित्र एकमेकांच्या गळ्यात हात टाकून गातात आणि बाकीचा हॉल व्हिडिओ काढतो. 'मिले सुर मेरा तुम्हारा' दरवेळी कुणीतरी सुचवतंच, १९८८ चं, भैरवीतलंच, सुरुवात भीमसेनजींची, आठवणी काढायला छान, पण त्यानंतरच्या इतक्या भाषांतल्या ओळी पाठ असलेला माणूस दाखवा मला.

'झिंगाट' बद्दल भांडणं होतात म्हणून सांगतो. कॉलेजची पोरं असतील तर बिनधास्त शेवटी लावा, ती नाचणारच आहेत आणि गाणं कुणी गायलं नाही तरी चालतं. पण चाळिशी-साठीचा ग्रुप असेल तर ते शेवटून तिसरं-चौथं घ्या. त्यात शब्द इतके भराभर येतात की माईकवाला एकटाच धावतो, बाकीचे नाचतात, मग धापा टाकत पाणी प्यायला जातात आणि परत जागेवर येईपर्यंत पुढचं गाणं अर्धं झालेलं असतं. शेवटच्या गाण्याला हे परवडत नाही.

मराठीत माझी पसंती 'गोमू संगतीनं' ला. हेमंतकुमार आणि आशाताई, 'हा खेळ सावल्यांचा', १९७६. हे का, तर एक म्हणजे पुरुष आणि बायका आलटून पालटून येतात त्यामुळे अर्धा हॉल इकडे अर्धा तिकडे अशी वाटणी आपोआप होते, दुसरं म्हणजे हेमंतकुमारांचा आवाज खालचा, त्यामुळे ज्या बाप्यांना किशोर-रफीच्या ओळीत वर जाता येत नाही त्यांनाही इथे तोंड उघडता येतं. आणि ठेका असा की ज्याला गाता येत नाही तो निदान टाळी तरी वाजवतो.

पट्टीचं प्रकरण जरा नीट बघा, कारण इथेच चांगली चांगली गाणी पडतात. साधारण आपल्याकडे पुरुष काळी एक, पांढरी दोनच्या (म्हणजे पेटीच्या ज्या पट्टीला 'सा' धरायचा ती) आसपास गातात आणि बायका काळी चार, काळी पाच, म्हणजे दोघांत चांगलंच अंतर. एकाच पट्टीत सगळ्यांना गायला लावलं तर निम्मे लोक खाली पुटपुटतात किंवा वर किंचाळतात. ह्यावर दोनच उपाय, एक तर वर सांगितल्यासारखं ओळी वाटून घ्यायचं गाणं, नाहीतर मुखडा एका सप्तकाच्या आत फिरणारं गाणं, म्हणजे फार वर नाही फार खाली नाही. ट्रॅकचा स्केल बदलता येतो, खरंय, पण दोन-तीन स्वरांपलीकडे ओढला की ढोलकी डबा वाजवल्यासारखी येते आणि व्हायोलिनं रडायला लागतात. आणि हे आधी घरी स्पीकरवर ऐकून ठरवा, मोबाईलवर नाही, मोबाईलवर सगळंच बरं वाटतं.

गाणं पक्कं करायच्या आधी एक चाचणी घ्या. चहा पिताना ग्रुपमधल्या चार जणांना स्क्रीन न दाखवता, ट्रॅक न लावता ते गाणं म्हणायला लावा, त्यातले दोन जण तरी न गाणारे असू देत, नुसते ऐकायला येणारे. मुखडा आणि पहिला अंतरा चौघांचा मिळून पुरा झाला तर गाणं पास. मुखड्यानंतर 'लाला लाला' सुरू झालं तर नापास, मग ते गाणं तुम्हाला कितीही आवडत असो. परदेशात मंडळाच्या कार्यक्रमात तर ही चाचणी पोरांवर पण घ्या, तिकडच्या बऱ्याच मुलांना मराठी बोलता येतं पण देवनागरी वाचताना अडखळतात, त्यांना शब्द रोमन लिपीत द्या आणि आजी-आजोबांना मोठ्या अक्षरात देवनागरी प्रिंट, एकच स्क्रीन दोघांना पुरत नाही.

मग ट्रॅकची कापाकापी. जुन्या गाण्यांत मधलं म्युझिक लांबलचक असतं, एरवी मजा येते पण शेवटच्या गाण्यात त्या अर्ध्या मिनिटात लोक पर्स उचलतात, चपला शोधतात, एकदा उठलेला माणूस परत बसत नाही. ऑडॅसिटी नावाचं आवाज कापाजोडायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दुसऱ्या अंतऱ्याआधीचं म्युझिक निम्मं करा, गरज असेल तर एक अंतराच उडवा, कुणी तक्रार करत नाही. आणि शेवट कसा आहे तो ऐकाच ऐका. खूप रेकॉर्डिंग्ज शेवटी हळूहळू विरत जातात, मुखडा चालूच असतो आणि आवाज कमी होत जातो, रेडिओवर छान वाटतं पण हॉलमध्ये पन्नास माणसं गात असताना ट्रॅक विरला की काही जण थांबतात, काही जण रेटतात आणि सगळं गाणं ओशाळं होऊन संपतं. मुखडा तीनदा असं ठरवून तिसऱ्याच्या शेवटी ट्रॅक ठोस कापून टाका, आणि पुढे उभ्या असलेल्या एकाने हात वर करून खूण करायची. तयार ट्रॅक लॅपटॉपमध्ये आणि पेन ड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवा, नेटवरून थेट लावू नका, मध्येच जाहिरात आली तर काय तोंड दाखवणार.

साउंडवाल्या दादांना आधी जाऊन सांगा की शेवटच्या गाण्याला एको कमी करा. एकट्याच्या आवाजाला एको गोड लागतो, सात-आठ जण एका माईकभोवती जमले की त्याचा लगदा होतो, शब्द कळतच नाही. एक माईक प्रेक्षकांत फिरवायचा असेल तर तो स्पीकरसमोर जाणार नाही असा माणूस निवडा, उत्साही पोरगं नको, ते बरोबर स्पीकरच्या तोंडाशी जाऊन उभं राहतं आणि मग जी शिट्टी वाजते ती ऐकून पहिल्या रांगेतल्या आजी कानावर हात ठेवतात.

वेळेचा हिशोब उलटा करा. सोसायटीच्या गच्चीवर किंवा लॉनवर असाल तर रात्री १० नंतर स्पीकर बंद, ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत तसंच आहे. बंदिस्त हॉलची गोष्ट नियमात वेगळी, पण हॉलवाल्याची स्वतःची वेळ असते आणि वॉचमन त्याहून कडक असतो. म्हणजे शेवटचं गाणं ९:४० ला सुरू व्हायला पाहिजे, आभार प्रदर्शन त्याच्या आधी. आधीच म्हणतोय बरं का, गाण्यानंतर आभार ठेवले की अध्यक्ष बोलायला उभे राहतात आणि रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानतात. कार्यक्रम लांबलाच तर मधलं एखादं डुएट कापा, शेवटच्याला हात लावू नका.

कुणाची साठी असेल, कुणी रिटायर होत असेल तर अर्थात त्याच्या आवडीचं गाणं, तिथे वरचे सगळे नियम गुंडाळून ठेवा, फक्त त्याच्या बायकोला आधी विचारा, तो स्वतः 'काहीही चालेल' म्हणतो.

वन्समोर येणार हे धरूनच चला. तेव्हा ट्रॅक परत लावू नका, नुसता मुखडा, टाळ्यांवर, दोनदा, आणि तेवढ्यात साउंडवाल्या दादांना वायरी गुंडाळायला सांगा, पुढची फर्माईश येणारच नाही.