वीज गेली तरी फिशटँक उबदार

नाशिकचा जानेवारी, त्यात पहाटे वीज गायब. टँकमधला हीटर बंद. अशा वेळी मी गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी वापरतो, पण टँकमध्ये ओतत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, शिवाय तांब्याच्या नळ्यांतून तांबंही उतरू शकतं. कोळंबी-गोगलगायींना ते विषच.

लिटरभराची जाड बाटली साबण न लावता धुवा, गरम पाण्याने भरा, बूच घट्ट लावून तरंगत सोडा. उकळतं पाणी नको, प्लॅस्टिक आकसतं. ५० लिटरच्या टँकमध्ये ६० अंशांची बाटली जेमतेम पाऊण अंश वाढवते, म्हणून निवली की बदलत राहायचं. ऊब वरच साचते, तेव्हा हलकेच ढवळा. एंजल माशांना २४ ते २८ अंश लागतात. गोल्डफिशला हे लाड नकोत.