घरातल्या प्रसंगांतून मुलांना ख्रिस्ती विश्वास कसा शिकवावा

कोल्हापुरात मिशनचे काम 1852 साली सुरू झाले. संडे स्कूलची परंपरा आपल्याकडे त्यामुळे जुनी आहे, आणि मुलांना विश्वासाचे धडे देणे हे संडे स्कूलच्या बाईंचे काम, हा समजही बराच जुना आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मात्र हे काम घरच्यांवर सोपवले असून त्याच्या वेळाही सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. याचा अर्थ त्यासाठी वेगळा तास ठेवण्याची गरज नाही. जे चालले आहे त्यातच बोलायचे आहे.

पूर्वतयारी पालकाने करायची असते. लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा आणि मत्तयाचे तेरावा, अठरावा व विसावा हे अध्याय तपशिलांसह लक्षात ठेवले, तर घरातल्या बहुतेक प्रसंगांना पुरेसे साहित्य हाताशी राहते. प्रसंग घडला की आधी मुलाला प्रश्न विचारावा, मग दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, सांगावा आणि तात्पर्य काढण्याचे काम त्याच्यावरच सोडावे. मुलीच्या कानातला डूल हरवला, तर शोध चालू असतानाच दहापैकी एक नाणे हरवलेल्या बाईची गोष्ट सांगता येते. तिने दिवा लावला, घर झाडले, आणि नाणे सापडल्यावर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावले. डूल सापडल्यावर शेजारच्या काकूंना हाक मारून ती बातमी जरूर सांगावी, कारण दाखल्यातला आनंद वाटून घेण्याचा भाग बहुतेक घरांत गाळला जातो. खमिराच्या, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाच्या दाखल्यासाठी आंबोळीचे पीठ रात्री भिजवताना मुलांना जवळ बसवावे आणि सकाळी फुगलेले पीठ दाखवावे. एवढे पुरे आहे.

भावंडांच्या भांडणात मात्र घाई करू नये. समजा, धाकटा रंकाळ्यावर भेळ खाऊन उशिरा घरी आला आणि काळजीत असलेल्या आजीने त्याला गरम जेवण वाढले. ज्याने संध्याकाळभर घरची कामे केली तो थोरला रागावला. अशा वेळी आपण उधळ्या पुत्राचा, म्हणजे संपत्ती उधळून परतलेल्या धाकट्या मुलासाठी बापाने मेजवानी केल्याचा दाखला धाकट्याच्या बाजूने सांगतो. तो थोरल्याच्या बाजूने सांगून पाहावा. इतकी वर्षे राबूनही मित्रांबरोबर मेजवानी करायला साधे करडूही मिळाले नाही, ही थोरल्या मुलाची तक्रार शास्त्राने लपवलेली नाही. बाप जसा धाकट्याकडे धावत गेला, तसाच थोरल्याची समजूत घालायलाही तो स्वतः बाहेर आला, आणि जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे, असे म्हणाला. पुढे थोरला घरात गेला की नाही, हे येशूने सांगितलेले नाही. म्हणून शेवट आपणही जोडू नये. तू असतास तर काय केले असतेस, एवढेच विचारावे आणि उत्तर नकारार्थी आले तरी ते ऐकून घ्यावे.

मोठ्या मुलांना हिशेब आवडतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या निर्दय चाकराला राजाने माफ केलेले कर्ज दहा हजार तालांत होते. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, हे धरून मुलालाच गुणाकार करायला सांगावा: सहा कोटी दिवसांची मजुरी निघते. त्याच चाकराने सोबत्याचा गळा धरला तो शंभर दिनारांसाठी. मित्राने परत न केलेल्या क्रिकेटच्या बॅटविषयी यानंतर निराळे काही बोलावे लागत नाही. ऊसतोडीच्या हंगामात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला घ्यावा. ऊसतोड मजुराला टनावर पैसे मिळतात, तर दाखल्यातला मालक शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण रोज देतो. हे अन्यायाचे आहे, असे मूल म्हणाले तर चर्चा योग्य मार्गावर आहे, असे समजावे.

पंचगंगेच्या पुराचा विषय नाजूक आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडल्याच्या बातम्या मुले ऐकतात, आणि 2019 व 2021 मधले पूर घरोघरी आठवले जातात. देवाने शिक्षा केली का, असे मुलाने विचारल्यास होकार देऊ नये. येशूच्या काळी यरुशलेमेत शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती, असे येशूने स्पष्ट सांगितले आणि पश्चात्तापाचे आवाहन ऐकणाऱ्या सर्वांनाच केले. कारण आपल्याला ठाऊक नसेल तर तसे प्रामाणिकपणे सांगावे, आणि पूरग्रस्तांसाठी कोरडे कपडे व शिधा बांधण्याच्या कामात मुलाला सोबत घ्यावे.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे: वचनाची छडी करू नये. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, ही बायबलमधल्या इफिसकरांस पत्रातली आज्ञा ‘मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे’ या वचनाच्या लगेच पुढे आलेली असली, तरी पाठांतरात ती क्वचितच येते. चूक पालकाची असेल तर क्षमा मुलासमोर, स्पष्ट शब्दांत मागावी. मूल ‘आज नको’ म्हणाले तर विषय तिथेच सोडावा, आणि रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत देवाला उद्देशून त्याच्याच तक्रारी मांडू नयेत. मुलांच्या ते लगेच लक्षात येते.