बांधलेली जुनी बुलेट आयडलिंगला धड चालत नसेल तर: कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी

कास्ट आयर्न इंजिनची बुलेट ३५० नव्याने बांधली. बोअर झाला, पिस्टन-रिंग नवे, व्हॉल्व्ह लॅप केले, मोठ्या एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचं, काम झालं. किकही बसते, गाडी पळतेही. पण थ्रॉटल सोडला की इंजिन कधी वर जातं, कधी खाली येतं, मध्येच एखादा ठोका गाळतं आणि सिग्नलला बंद पडतं. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा कार्ब्युरेटरच्या एअर स्क्रूकडे जातो, आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. इंजिन बांधताना कार्ब्युरेटर सोडून बाकी सगळं हललेलं असतं. म्हणून दोषही बहुधा त्या हललेल्या गोष्टींतच असतो. कॉम्प्रेशन आणि व्हॉल्व्ह, मग हवेची गळती, मग ठिणगी आणि शेवटी पेट्रोल, या क्रमानेच जा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवा.

खालची मापं ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकच्या ३४६ सीसी इंजिनाची आहेत, पॉइंटचं (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचं) इग्निशन आणि मिककार्ब व्हीएम२४ कार्ब्युरेटर असलेल्या गाडीची. बुलेट ५०० ची मापं वेगळी असतात.

आधी लक्षण नीट पाहा

गाडी गरम करून पाच मिनिटं आयडलवर सोडा आणि चोकचा लिव्हर थोडासाच उचला. आयडल सुधारलं तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा येते आहे किंवा पायलट जेट (आयडलवर पेट्रोल देणारं बारीक भोकाचं जेट) तुंबलं आहे. लगेच धडपडायला लागलं तर मिश्रण आधीच जाड आहे. चोकने काहीच फरक पडत नसेल तर कार्ब्युरेटर विसरा आणि ठिणगीकडे व टॅपेटकडे वळा.

थ्रॉटल झटकून सोडल्यावर आरपीएम वरच लटकून राहत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर दोनच संशयित: हवेची गळती किंवा पॉइंटखालचा ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी वजनं-स्प्रिंगची यंत्रणा) अडकतो आहे. हँडल डावी-उजवीकडे वळवल्यावर आयडल बदलत असेल तर थ्रॉटल केबल ताणलेली आहे. केबलला २ ते ३ मिमी मोकळीक द्या. बाकी काही शोधण्याआधी हे एकदा करून टाका, फुकटात सुटणारा प्रश्न आहे.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

बुलेटचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडखालचे भाग, थंड इंजिनवर शून्य फटीला बसवायचे असतात. इंजिन तापलं की सिलिंडर आणि हेड वाढतात आणि फट आपोआप थोडी उघडते, म्हणून थंडीत मुद्दाम फट ठेवायची नाही. इंजिन रात्रभर थंड झालेलं असू द्या. सकाळी गाडी चालू करण्याआधीच हे काम करा.

प्लग काढा, गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने पुढे फिरवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला की कॉम्प्रेशनचा दाब जाणवतो. त्याच फेरीत पिस्टन वर येतो त्या जागी थांबा. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर काढा. दोन्ही पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरले पाहिजेत, पण वर-खाली खडखड नको. फिरत नसेल तर पुशरॉड एका पान्याने धरा, लॉकनट ढिला करा, ॲडजस्टर हलवा आणि पुन्हा फिरवून बघा. लॉकनट घट्ट करताना माप हलतं, म्हणून घट्ट केल्यावर परत तपासल्याशिवाय कव्हर लावू नका.

नव्याने लॅप केलेले व्हॉल्व्ह पहिल्या काही किलोमीटरमध्ये आपल्या सीटमध्ये किंचित खोल बसतात आणि टॅपेट घट्ट होत जातात. त्याच काळात हेडचं पॅकिंगही दबतं. त्यामुळे हेडचे नट एकदा थंड इंजिनवर परत कसावे लागतात, आणि नट कसले की टॅपेट पुन्हा बघावेच लागतात. साधारण १०० किमीला आणि मग ५०० किमीला हे करा. बांधल्यावर आठवडाभर छान चाललेली गाडी अचानक आयडलला बिघडते, त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. घट्ट टॅपेटचं लक्षण ठरलेलं असतं: थंडीत गाडी किकवर लवकर चालू होत नाही आणि आयडल रडतं, गाडी तापली की बरीचशी सुधारते.

टॅपेट बरोबर असूनही किकखाली कॉम्प्रेशन लगेच सुटत असेल तर गळती ऐका. कॉम्प्रेशनवर किक दाबून धरा. कार्ब्युरेटरच्या तोंडातून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून आली तर रिंगा. नव्या रिंगा थोडी गळती करणारच, त्यांना बसायला काही शे किलोमीटर लागतात. व्हॉल्व्हची गळती मात्र आपोआप जात नाही.

डीकॉम्प्रेसरही (किक मारताना कॉम्प्रेशन सोडणारा व्हॉल्व्ह) इथेच तपासा. इंजिन बांधताना त्याची केबल परत जोडताना बरेचदा जास्त ताणली जाते, आणि त्याचा छोटा व्हॉल्व्ह सीटवरून केसाइतका उचललेला राहतो. लिव्हरला स्पष्ट मोकळीक असली पाहिजे. शंका असेल तर केबल काढून ठेवा आणि गाडी चालवून बघा.

कॅम गिअर बसवताना खुणा एका दाताने चुकल्या असतील तर वरचं काहीही करून आयडल जमणार नाही. कार्ब्युरेटरमधून उलटी थुंकी आणि किकला कमी कॉम्प्रेशन अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर टायमिंग कव्हर उघडून खुणा जुळतात का ते पाहा.

हवेची गळती

कार्ब्युरेटर आणि हेडमधला जोड हा दुसरा मोठा संशयित. फ्लँजचे दोन नट जोर लावून कसले की ॲल्युमिनियमचा फ्लँज मध्ये फुगतो आणि कानांकडे वाकतो, मग कितीही नवं पॅकिंग घाला, हवा येतच राहते. कार्ब्युरेटर काढून फ्लँज काचेच्या तुकड्यावर ठेवा. डुलला तर वाकला आहे. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून फ्लँज आठच्या आकड्यात हलक्या हाताने घासा, सगळीकडे एकसारखी चमक येईपर्यंत. मधला उष्णतारोधक स्पेसर आणि त्याची पॅकिंगही तशीच सपाट हवी. बसवताना दोन्ही नट आलटून-पालटून अर्धा-अर्धा फेरा कसा.

गळती शोधायला इंजिन आयडलवर ठेवून जोडाभोवती कार्ब क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारा. आरपीएम बदललं की गळती तिथेच. तापलेल्या एक्झॉस्टवर आणि पॉइंटच्या बाजूला फवारा जाऊ देऊ नका, आग लागते. जवळ ओलं गोणपाट ठेवा आणि हे काम बंद खोलीत करू नका.

जोड पक्का असून मिश्रण पातळच वाटत असेल तर इनटेकच्या व्हॉल्व्ह गाइडचा संशय घ्या. जुन्या गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह घातला तर स्टेमभोवतीची फट तशीच राहते. आयडलवर सगळ्यात जास्त व्हॅक्यूम असतो, म्हणून ही हवा तिथेच त्रास देते, आणि तीच फट रस्त्यावर निळा धूर दाखवते.

ठिणगी

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी. कॅम सर्वात उंच असताना फीलर गेज हलक्या ओढीने सरकला पाहिजे. पॉइंटची तोंडं जळून एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा झाला असेल तर फीलर गेज खोटं माप सांगतो, अशा वेळी पॉइंट बदलाच. फट आधी, टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करू नका. फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकतं.

टायमिंग म्हणजे पॉइंट उघडायला सुरुवात होईल तेव्हा पिस्टन टॉपच्या, म्हणजे त्याच्या सर्वात वरच्या जागेच्या, ०.८ मिमी अलीकडे असला पाहिजे, ऑटो ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना. अंशांत ते साधारण ९ ते १० भरतं. बुलेटच्या प्लगचं भोक तिरकं आहे. त्यातून काडी घालून ०.८ मिमी मोजायला गेलात तर माप चुकणारच. काडी फक्त टॉप सापडवण्यासाठी वापरा, आणि नेमकं माप हवं असेल तर क्रँकच्या टोकाला डिग्री डिस्क लावा. चाक नेहमी पुढच्याच दिशेने फिरवा, कारण मागे घेतलं तर गिअरांमधली ढिलाई मापात घुसते.

पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला वेगळं काही लागत नाही, नेसेलवरचा (हेडलाइटच्या खोळीवरचा) ॲमीटर पुरतो. चावी ऑन, लाइट बंद. पॉइंट मिटलेले असताना सुई उणे बाजूला झुकते, उघडताक्षणी मध्यावर परत येते. बॅटरी बरी असेल तर ही झेप डोळ्यांनी स्पष्ट दिसते. शंका असेल तर पॉइंटच्या तारेपासून अर्थपर्यंत छोटा बल्ब लावा, पॉइंट उघडले की तो पेटतो.

आयडलच्या चढ-उताराचं मूळ मात्र बरेचदा ऑटो ॲडव्हान्समध्ये असतं, आणि बांधताना त्याकडे कुणी पाहतच नाही. कॅम बोटांनी फिरवून सोडा, तो टपकन मूळ जागी यायला हवा. हळू आला किंवा अर्ध्यात थांबला तर वजनांच्या पिना सुकल्या आहेत किंवा स्प्रिंग ताणून सैल झाल्या आहेत. मग आयडलवरच ॲडव्हान्स सुरू होतो, वेग वाढतो, त्यामुळे ॲडव्हान्स आणखी वाढतो, मग कोसळतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. पिना साफ करा, पातळ तेलाचा एक थेंब द्या, स्प्रिंगची जोडी बदला. टायमिंग लाइट असेल तर आयडलवर खूण एका जागी स्थिर दिसली पाहिजे.

पॉइंटमध्ये मोठी पिवळी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेला. गाडी तापल्यावरच मिसिंग सुरू होतं, थंडीत नाही, याचं कारणही बरेचदा कंडेन्सर किंवा कॉइल असतं. कंडेन्सर स्वस्त आहे, चांगला एक जवळ ठेवून बदलून बघणं हीच त्याची खरी परीक्षा.

बॅटरी विसरू नका. आयडलवर अल्टरनेटर जवळपास काही देत नाही, ठिणगी बॅटरीवरच चालते. हेडलाइट लावल्यावर आयडल पडत असेल तर बॅटरी आणि अर्थ तपासा. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. हेडला आणि फ्रेमला नवा रंग मारला असेल तर अर्थच्या जागचा रंग खरवडून काढा.

आता कार्ब्युरेटर

इथवर सगळं ठीक असेल तरच कार्ब्युरेटर उघडा. आयडलवर पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून, आणि महिनोन्‌महिने वर्कशॉपमध्ये पडून राहिलेल्या गाडीत ते जेट हमखास तुंबतं. एअर स्क्रू पूर्ण आत-बाहेर करूनही इंजिनाला काही कळत नसेल तर एकतर जेट बंद आहे, किंवा कुणीतरी आयडल स्क्रूने स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होणारी नळी) इतकी उचलून ठेवली आहे की इंजिन पायलटवर चालतच नाही. दुसरा प्रकार म्हणजे दोष झाकून ठेवणं. स्क्रू सोडून स्लाइड खाली आणा आणि खरा प्रश्न समोर येऊ द्या.

पायलट जेटमध्ये टाचणी किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं की जेट गेलं. वायरमधली तांब्याची एक बारीक शिर आणि कॉम्प्रेसरची हवा पुरे. जेट काढून त्याच्या मार्गात क्लीनर फवारा, स्लाइडच्या खालच्या छोट्या भोकातून धार बाहेर आली पाहिजे. ती दिसेपर्यंत सोडू नका.

चोकच्या प्लंजरखालचं रबर कडक झालं असेल तर चोक बंद असूनही पेट्रोल जातं, प्लग काळा कोरडा होतो. स्लाइड आणि बॉडी झिजली असेल, म्हणजे स्लाइड बोटांनी हलवल्यावर टकटक वाजत असेल, तर कुठलंही ट्यूनिंग टिकणार नाही. नवा कार्ब्युरेटर घ्या, त्यावर दिवस घालवू नका.

एअर स्क्रू पूर्ण आत हलका टेकवा, दाबू नका. तिथून दीड फेरा बाहेर काढा. व्हीएम२४ वर हा स्क्रू हवा सांभाळतो, म्हणजे आत घेतला की मिश्रण जाड, बाहेर काढला की पातळ. इंजिन पूर्ण गरम करून पाव-पाव फेऱ्याने फिरवा आणि आरपीएम सर्वात जास्त व स्थिर मिळेल तिथे थांबा, मग आयडल स्क्रूने वेग खाली आणा. हेच दोनदा करा. सर्वोत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत आली तर पायलट जेट लहान आहे, अडीचच्या बाहेर गेली तर मोठं आहे.

हल्ली पहिली परिस्थिती जास्त दिसते, आणि त्याचं एक कारण पंपावरचं ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे. साध्या पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे त्याच जेटवर इंजिन आधीपेक्षा पातळ चालतं. २५ नंबरचं पायलट असेल तर २७.५ लावून बघा, पण गळती नाही याची खात्री झाल्यावरच. इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात अर्धवट भरलेली टाकी महिनाभर उभी ठेवू नका. फ्लोट बाऊल खोलून तळाशी पाण्याचे थेंब दिसतात का ते पाहा.

आयडल किती ठेवायचं

डुग-डुग आवाजासाठी वेग इतका खाली आणतात की प्रत्येक ठोका मोजता येतो. नव्या बांधलेल्या इंजिनावर हे करू नका. बुलेटचे ऑइल पंप प्लंजरचे असून इंजिनाच्या वेगावरच चालतात, आणि त्या वेगाला रॉकरपर्यंत आणि मोठ्या एंडपर्यंत फारच थोडं तेल पोचतं. रिंगा घट्ट असताना इंजिनही तिथे ठोके गाळणारच. पहिले ५०० किमी आयडल ११०० ते १२०० आरपीएमवर ठेवा, मग ऑइल बदला, टॅपेट, फट, टायमिंग पुन्हा बघा आणि मगच १००० च्या आसपास आणून एअर स्क्रू शेवटचा लावा.