आमदाराची निवडणूक कारकीर्द कशी अभ्यासावी

महाराष्ट्रातील एखाद्या आमदाराची कारकीर्द नोंदवताना सुरुवात निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालांपासून करावी, कारण पक्षाच्या परिचयपत्रकात पराभव सहसा गाळलेले असतात. प्रत्येक निवडणुकीसाठी वर्ष, मतदारसंघ, पक्ष, मिळालेली मते, मताधिक्य आणि दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार लिहून घ्यावा. पोटनिवडणुका वेगळ्या तपासाव्यात. त्या हमखास निसटतात.

सर्वाधिक चुका मतदारसंघाच्या नावामुळे होतात. 2008 च्या पुनर्रचनेनंतर, म्हणजे 2009 च्या निवडणुकीपासून, अनेक मतदारसंघांच्या सीमा बदलल्या, काही नव्याने निर्माण झाले, तर काहींचे नाव तेच राहूनही गावे बदलली. त्यामुळे 2004 आणि 2009 च्या मताधिक्याची सरळ तुलना करणे मला चुकीचे वाटते.

‘सलग’ हा शब्द जपून वापरावा. सांगोल्याचे गणपतराव देशमुख 11 वेळा निवडून आले, परंतु 1995 मध्ये ते पराभूत झाले होते, आणि ही नोंद वगळल्यास त्यांच्या पुनरागमनाचे मोलच कळत नाही.

मालमत्ता आणि प्रलंबित गुन्ह्यांसाठी उमेदवारी अर्जासोबत उमेदवाराने दिलेले नमुना 26 मधील शपथपत्र पाहावे. सभागृहातील प्रश्न व भाषणे विधिमंडळाच्या कार्यवृत्तात सापडतात.