आपल्या तालुक्याची वही कशी लिहावी: धडगावच्या डोंगरातून

सातपुड्यातल्या धडगावला बदलीची ऑर्डर आली तेव्हा शहाद्याच्या आमच्या गल्लीत जो तो एकच सांगायचा, ‘वर काय आहे? नुसते डोंगर.’ त्या नुसत्या डोंगरात मी अकरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तिसरीला आपल्या जिल्ह्याची ओळख असते. त्यात तोरणमाळ यायचं, अस्तंभा यायचा, नर्मदा यायची. समोर बसलेल्या मुलांचा पाडा मात्र कुठेच यायचा नाही. म्हणून आम्ही आमची वही करायला घेतली. विरळ वस्तीच्या तालुक्याचा इतिहास-भूगोल तुम्हालाही लिहायचा असेल, तर मी कसं केलं ते सांगते.

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. उजव्या पानावर लिहा आणि डावं पान कोरं सोडा. ते कशासाठी, ते शेवटी सांगते.

गाव म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. मी सपाटीवरची. माझ्या डोक्यातल्या गावात मारुतीचा पार होता, गल्ल्या होत्या आणि शेतं गावाबाहेर होती. सातपुड्यात घर शेतातच असतं. डोंगराच्या एका धारेवर आठ-दहा घरं, मग नाला, मग पलीकडच्या उतारावर आणखी पाच. या सगळ्यांचं मिळून कागदावर एक गाव होतं. पहिल्या वर्षी मी शाळेच्या ओट्यावर बसून, मुलांना विचारून लिहून टाकलं, ‘गावात चार पाडे आहेत.’ एका मुलाच्या आजोबांनी ते ऐकलं आणि फक्त म्हणाले, ‘बाई, चला.’ सकाळी निघालो, दिवस मावळायला परतलो. पाडे सात होते. त्यातले दोन नाल्यापलीकडे, पावसाळ्यात तुटणारे. तिथली मुलं श्रावणात शाळेत का येत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे नुसत्या गैरहजेरीच्या खुणा करत होते.

तेव्हा प्रत्येक पाड्यासाठी चार गोष्टी लिहा: शाळेपासून पायी किती वेळ, मध्ये कोणता नाला, तो भर पावसात ओलांडता येतो का, आणि उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात. अंतर किलोमीटरमध्ये लिहून काही कळत नाही. चढावरचा एक किलोमीटर आणि शहाद्याच्या रस्त्यावरचा एक किलोमीटर सारखे नसतात.

जनगणनेचे आकडे जपून वापरा. २०११ साली महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसं होती, नंदुरबार जिल्ह्यात २७७. पण या २७७ मध्ये तापीकाठची काळ्या मातीची, पपई-उसाची मोठी गावंही मोजलेली आहेत. डोंगराचं चित्र त्यात झाकलं जातं. वर बेसाल्टचा खडक, त्यावर वीतभर मुरमाड माती आणि उभा उतार. एकेका कुटुंबाला पोटापुरतं पिकवायला जास्त रान लागतं, म्हणून घरं लांब लांब. मुलांना हे कारण सांगितलं की ‘विरळ’ या शब्दाचा अर्थ ‘ओसाड’ असा होत नाही, हे त्यांना लगेच पटतं.

आता नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे बघा. जुन्या क्रमांकांप्रमाणे आमचा डोंगर ४६ के मध्ये येतो. धडगाव ४६ के/१ वर, तोरणमाळ ४६ के/५ वर. नव्या मालिकेत क्रमांक बदललेत, त्यामुळे मागताना गावाचं नाव सांगा. या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर आणि समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. रेषा दाटल्या तिथे कडा, विरळ झाल्या तिथे माळ. त्यावर पातळ कागद ठेवून लाल पेन्सिलने पाणलोटाची रेष काढा. आमच्याकडे उदई नदीला मिळालेला पाऊस उत्तरेला नर्मदेत जातो, आणि तळोदा-शहाद्याच्या अंगाला पडलेला तापीत. दोन्ही नद्या पश्चिमेलाच वाहतात, पण समुद्राला मिळेपर्यंत त्यांची गाठ पडत नाही. मुलांनी ही रेष बोटाने चालून पाहिली की भूगोल पाठ करावा लागत नाही.

नर्मदेच्या काठाला मात्र एक नकाशा पुरत नाही. ही नदी सुमारे ५४ किलोमीटर महाराष्ट्राची सीमा सांभाळते. जुन्या नकाशात ती डोंगरातून जाणारी अरुंद नदी आहे आणि काठाला गावांची नावं आहेत. आजचं उपग्रहचित्र शेजारी ठेवा; पाणी एकेका नाल्यात बोटासारखं आत शिरलेलं दिसतं. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली. अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे आमचं धडगाव) तालुक्यांतली ३३ गावं त्याच्या बुडितात आली, मणिबेली त्यात सगळ्यात आधी. अशा गावाची नोंद करताना तीन पत्ते लिहा: नदीकाठचं मूळ ठिकाण, वर सरकून बांधलेली घरं, आणि खाली तळोदा-शहाद्याकडची पुनर्वसनाची वसाहत. एकाच घरातले भाऊ या तीन ठिकाणी असतात. आम्ही एक पत्ता लिहून मोकळं व्हायचं, हे मला कधीच बरोबर वाटलं नाही.

पाण्याखाली गेलेलं गाव कसं लिहायचं? अंगणात. हे मला एका आजींनी शिकवलं. शेणाने सारवलेल्या अंगणात मी खडूने नदीची रेघ ओढली. त्यांनी ती पायाने पुसली, चुलीतली राख मुठीत घेतली आणि स्वतः नदी सोडली, मध्येच एक वळण घेऊन. मग मक्याचे दाणे मांडले, एक दाणा म्हणजे एक घर. मोहाचं झाड दाखवायला डाळीचा दाणा. देवाची जागा दाखवायला हातातली बांगडी काढून ठेवली. एक दाणा त्या पुन्हा पुन्हा उचलून थोडा वर ठेवत होत्या. ते त्यांच्या माहेरचं घर होतं. मुलांनी तो सगळा नकाशा वहीत उतरवून घेईपर्यंत कोंबड्या हाकलायला एकाला बसवलं होतं. हे करायला अर्धा दिवस लागतो, आणि तो द्या. कागदावर बोट ठेवून ‘तुमचं घर कुठे होतं?’ विचारलंत तर म्हातारी माणसं गप्प बसतात.

इतिहासाकडे वळताना आधी नावांचा घोळ सोडवा, नाहीतर कागद सापडणार नाहीत. तालुक्याचं सरकारी नाव अक्राणी, तोंडातलं धडगाव. दोन्ही शोधा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधीचं सगळं धुळ्याच्या नावाखाली. त्याच्या मागे गेलात तर पश्चिम खानदेश, आणि १९०६ च्या आधी अख्खा एकच खानदेश. कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशचा खंड १८८० चा, बारावा. धुळे जिल्ह्याचं गॅझेटिअर १९७४ चं. अक्कलकुव्याच्या अंगाला शोधत असाल तर ‘मेवासी’ हा शब्द धरा; काठीसारखी डोंगरातली छोटी संस्थानं त्याखाली सापडतील.

गॅझेटिअरमधून पिकं, रस्ते, बाजार, घाट बिनधास्त घ्या. माणसांच्या स्वभावाबद्दलचे शेरे घेऊ नका. ते राज्य करणाऱ्याने लिहिले आहेत. इंग्रजांनी १८१८ ला खानदेश घेतला, १८२५ ला भिल्लांवर नजर ठेवायला भिल्ल एजन्सी काढली, धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली, आणि तरी ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीच्या डोंगरात भिल्ल त्यांच्याशी लढलेच. तिकडच्या कागदात ते ‘बंडखोर’ आहेत. वहीत काय शब्द लिहायचा, ते तुम्ही ठरवा. मी ‘लढले’ लिहिलं.

म्हाताऱ्यांना साल विचारू नका. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?’ असं विचारा. आदिवासींत सुधारणेची चळवळ चालवणाऱ्या गुलिया महाराजांची आरती आजोबांनी पाहिली होती का, पहिली एसटी आली तेव्हा कोण पाटील होते, काठीच्या होळीला पहिल्यांदा चालत कधी गेलात. अशा खुंट्या ठोकल्या की आठवणी आपोआप रांगेत लागतात. बोलणं पावरीत किंवा भिलोरीत, म्हणजे इथल्या बोलीत, होऊ द्या, आणि नाल्याचं, धारेचं नाव जसं ऐकू आलं तसंच लिहा. त्याला शुद्ध मराठी करू नका. आणि नावात ‘आंबा’ किंवा ‘पाणी’ दिसलं म्हणून अर्थही लावू नका. आधी गावच्या पुजाऱ्याला विचारा.

या वहीचा एक उपयोग मला सुरुवातीला माहीत नव्हता. डोंगरातली कित्येक गावं वनगावं, म्हणजे वनखात्याच्या जमिनीवरची, होती; कसत्या जमिनीवर हक्क सांगायला तिथे जुना सातबारा कुठून मिळणार? २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी उतरवून घेतलेलं कथनही पुरावा म्हणून धरतात, फक्त ते दावेदार स्वतः नसावेत. आदिवासी कुटुंबाचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असावा लागतो. जुनी विहीर, बांध, देवाची जागा, पुरलेल्यांची जागा, हे सगळं आमच्या वहीत आधीच होतं. म्हणून सांगणाऱ्याचं नाव, अंदाजे वय, तारीख आणि अंगठा किंवा सही प्रत्येक पानाखाली घ्याच. मी पहिली चाळीस पानं तशीच लिहिली आणि नंतर सह्यांसाठी पुन्हा सगळे पाडे चढले. तोवर सांगणाऱ्यांतले तिघं राहिले नव्हते.

वही पूर्ण झाल्यावर ग्रामसभेत मोठ्याने वाचा, पावरीत सांगणारा शेजारी उभा करून. डावं पान तेव्हा लागतं. आमच्या वाचनात एका नाल्याच्या नावावरून दोन पाड्यांत बराच वेळ चर्चा झाली. वरच्या पाड्याचं एक नाव, खालच्या पाड्याचं दुसरं. मी दोन्ही लिहिली, त्यापुढे दोन्ही पाड्यांची नावं घातली, आणि मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, ‘नाला मध्ये वळतो तिथे त्याला तिसरं नाव आहे, तेही लिहा.’