दूध तोडलेल्या वराहपिल्लांसाठी प्रकाश आणि आहार कसा ठेवावा

मादी आपल्या पिल्लांना दिवसरात्र साधारण तासातासाने पाजते आणि प्रत्येक वेळी ठरावीक लयीत घुरघुरून त्यांना बोलावते. सगळी पिल्ले एकाच वेळी सडांना लागतात. दूध तोडले की ही हाक एकाएकी बंद होते. समोर ठेवलेला भरडा हे अन्न आहे, हे पिल्लाला ठाऊक नसते, आणि त्यामुळे काही पिल्ले दोन-दोन दिवस तोंडात काहीही घेत नाहीत. उपाशी आतड्याचे आतील अस्तर झिजते. मग भुकेने कासावीस झालेले पिल्लू अधाशासारखे खाते, ते पचत नाही आणि त्या न पचलेल्या अन्नावर ई. कोलाय जिवाणू वाढून हगवण लागते. पिल्लाने पहिल्याच दिवशी गव्हाण शोधावी आणि थोडे थोडे खात राहावे, यासाठी पुढील व्यवस्था आहे.

आधी वयाचे पाहावे. युरोपीय संघाच्या नियमानुसार पिल्लांचे दूध 28 दिवसांच्या आधी तोडता येत नाही. पिल्ले स्वच्छ करून रिकाम्या ठेवलेल्या स्वतंत्र जागेत हलवायची असल्यास सात दिवसांची सूट आहे. मोठ्या फार्मवर मादी लवकर माजावर यावी म्हणून घाई केली जाते. कोकणात किंवा गोव्यात पाच-दहा माद्या सांभाळणाऱ्याने ती घाई करू नये, असे मला वाटते. 42 दिवसांच्या पिल्लाचे आतडे कितीतरी अधिक तयार असते. साधारण दहाव्या दिवसापासून, पिल्ले मायजवळ असतानाच, त्यांना चिमूटभर खाद्य रोज ताजे ठेवावे, आणि दूध तोडल्यावर निदान आठवडाभर तेच खाद्य चालू ठेवावे. तोडण्याच्या दिवशी पिल्ले हलवण्याऐवजी मादीला हलवावे, म्हणजे जागा, वास आणि भावंडे तीच राहतात. दोन वेतांची पिल्ले त्याच दिवशी एकत्र केल्यास मारामारीतच दिवस जातो.

आता प्रकाश. युरोपीय नियमात डुकरांना दिवसातून किमान 8 तास, किमान 40 लक्स (प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) प्रकाश मिळावा असे म्हटले आहे. पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीवर वर्तमानपत्र सहज वाचता आले, तर एवढा प्रकाश आहे असे ढोबळमानाने धरावे. मोबाईलवरील लक्स मोजणाऱ्या ॲपनेही अंदाज येतो. पण ही किमान मर्यादा आहे, नव्याने दूध तोडलेल्या पिल्लाला ती पुरत नाही. नेदरलँड्समध्ये झालेल्या प्रयोगांत रोज 8 तास आणि 23 तास प्रकाशात ठेवलेल्या पिल्लांची तुलना केली, तेव्हा जास्त प्रकाशातील पिल्लांनी अधिक खाल्ले. अंधारात पिल्लू खाण्याचा शोध जवळजवळ थांबवते, असा त्याचा अर्थ.

यावरून चोवीस तास दिवे लावून ठेवणे मात्र चुकीचे आहे. डुकराला झोपण्यासाठी अंधुक जागा आवडते, आणि विश्रांती न मिळालेली पिल्ले चिडचिडी होतात. माझ्या मते मध्यम मार्ग असा: पहिल्या दोन रात्री फक्त गव्हाण आणि पाण्याच्या निप्पलवर (दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या तोटीवर) मंद दिवा ठेवावा, आणि झोपण्याचा कोपरा फळी किंवा पोत्याने झाकून अंधारा करावा. तिसऱ्या दिवसापासून सुमारे दोन आठवडे पहाटे 5 ते रात्री 9 असा 16 तासांचा प्रकाश द्यावा आणि उरलेले आठ तास पूर्ण अंधार ठेवावा. टायमर लावल्यास वेळ चुकत नाही.

येथे एक गल्लत नेहमी होते. जुने पिवळे बल्ब प्रकाशाबरोबर ऊबही देत असत. विजेचे बिल वाचवण्यासाठी ते काढून एलईडी लावले, की ऊब गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. चार आठवड्यांच्या पिल्लाला सुरुवातीला झोपण्याच्या जागी सुमारे 28 अंश सेल्सियस तापमान लागते, आणि डिसेंबरमधील रात्री ते आपोआप मिळत नाही. त्यामुळे ऊब आणि प्रकाश यांची सोय वेगवेगळी करावी: झाकलेल्या कोपऱ्यात कोरडा पेंढा किंवा उष्णता देणारा, प्रकाश न देणारा हीटर असावा. पिल्ले एकमेकांवर रचून झोपली असतील, तर त्यांना थंडी वाजत आहे.

खाद्यापेक्षा पाणी आधी. पिल्लाला मायचे दूध चोखायचे माहीत असते, निप्पल दाबायचे नसते. म्हणून पहिल्या दिवशी निप्पल किंचित ठिबकते ठेवावे आणि जवळ उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवावे. एक भाग खाद्य आणि दोन भाग कोमट पाणी असे पातळ करून दिवसातून पाच-सहा वेळा, तासाभरात संपेल एवढेच द्यावे. उरलेले आंबण्याआधी काढून टाकावे. गव्हाण इतकी लांब हवी की सर्व पिल्लांना एकाच वेळी तोंड घालता येईल, कारण सोबतीने खाण्याचीच त्यांना सवय असते.

खाद्यात काय असावे, हा खरा खर्चाचा भाग आहे. दुधातील लॅक्टोज या साखरेपासून पोटात लॅक्टिक आम्ल तयार होत असते. दूध तुटल्यावर ते कमी होते आणि पिल्लाचे स्वतःचे जठराम्ल अजून अपुरे असते. म्हणून पहिले दोन आठवडे व्हे पावडर (चीज किंवा पनीर करताना उरणाऱ्या निवळीची भुकटी) किंवा दूध पावडर आणि मासळीची चांगल्या प्रतीची कुटी यांवर भर द्यावा. सोयाबीन पेंड भाजून शिजलेल्या प्रतीची आणि मर्यादित वापरावी, कारण कच्च्या सोयाबीनमधील घटक पचनात अडथळा आणतात. एकूण प्रथिने 18 टक्क्यांच्या आसपास ठेवून लायसिन (प्रथिनांतील एक आवश्यक घटक) वरून द्यावे. जास्त प्रथिने म्हणजे जास्त वाढ, हा समज या वयात महागात पडतो. चुनखडीचे प्रमाणही कमी ठेवावे, कारण ती पोटातील उरलेसुरले आम्ल मारते. हगवण रोखण्यासाठी झिंक ऑक्साइडचा औषधी मात्रेत वापर युरोपीय संघाने जून 2022 पासून बंद केला आहे. तेव्हा आहार नीट करणे हाच टिकाऊ उपाय उरतो. हॉटेलातील उरलेले अन्न या वयाच्या पिल्लांना मुळीच देऊ नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक पिल्लाची कूस हाताने चाचपावी. बसकी, खोल गेलेली कूस असलेले पिल्लू वेगळे काढून त्याला पातळ खाद्य बोटाने चाटवावे. तीन-चार दिवसांनी पिल्ले एकमेकांच्या पोटावर नाक घासू लागली, तर ती अजून मायला शोधत आहेत. त्यांना पेंढा किंवा चघळायला लाकडाचा तुकडा द्यावा. हगवण लागल्यास खाद्य कमी करावे, पाणी मात्र थांबवू नये, आणि एकाच दिवशी दोन-तीन पिल्ले आजारली किंवा विष्ठेत रक्त दिसले, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे. सर्व ठीक असल्यास दोन आठवड्यांनंतर पुढचे खाद्य चार-पाच दिवसांत थोडे थोडे मिसळत बदलावे, आणि दिव्याची वेळ रोज अर्ध्या तासाने कमी करत नैसर्गिक दिवसाशी जुळवून घ्यावी.